फिर्खो: अर्धेच आठवले जाणारे डॉक्टर

आरोग्य हा राजकारणाचा प्रश्न आहे असे सांगायची वेळ आली, की डाव्या व्यासपीठांवरून एक नाव हटकून घेतले जाते. ते म्हणजे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांचे. वैद्यकाचे आपले विद्यार्थी इंग्रजी वळणाने त्यांना 'व्हर्चो' म्हणतात. शिरेत रक्ताची गुठळी का होते याची तीन कारणे पाठ करताना त्यांना हे नाव भेटते. चळवळीतील कार्यकर्त्यांना ते दुसऱ्या संदर्भात ठाऊक असते. उपासमारीने गांजलेल्या एका प्रदेशात साथीची पाहणी करायला गेलेल्या या तरुण डॉक्टरने सरकारला औषध म्हणून लोकशाही सुचवली, ही १८४८ सालची हकीगत पुन्हापुन्हा सांगितली जाते. ती खरी आहे आणि सांगण्यासारखीही आहे. परंतु हा डॉक्टर त्यानंतर चोपन्न वर्षे जगला. त्यांतील त्रेचाळीस वर्षे तो बर्लिन शहराचा नगरसेवक होता. गटारे, पाणी, कत्तलखाने, रुग्णालये यांच्या समित्यांवर बसून आकडे तपासण्यात त्याने उमेद खर्च केली. या काळाकडे आपले लक्ष जात नाही, कारण त्यातून घोषणा निघत नाही. समाजवादी कार्यकर्त्याला शिकण्यासारखे, आणि सावध होण्यासारखे, जास्त आहे ते मात्र याच काळात.

फिर्खो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियाच्या पोमेरानिया प्रांतातील शिफेलबाइन या लहान गावी झाला. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. वडील शेती करीत आणि गावच्या नगरपालिकेचा खजिना सांभाळीत. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे मुलाने बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत प्रवेश घेतला. तेथे शिक्षण विनामूल्य मिळे. मोबदल्यात लष्करी डॉक्टर म्हणून चाकरीचे बंधन असे. १८४३ मध्ये पदवी मिळवून ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाच्या कामाला लागले. १८४५ मध्ये त्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढवणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. त्याला 'ल्युकेमिया' हे नाव पुढे त्यांनीच दिले. १८४७ मध्ये एका मित्राच्या साहाय्याने त्यांनी विकृतिशास्त्राचे नियतकालिक काढले. ते त्यांच्या नावाने आजही प्रसिद्ध होते. एवढ्यावरही त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले असते.

१८४७-४८ च्या हिवाळ्यात अप्पर सायलेशियात टायफसची साथ पसरली. टायफस म्हणजे आपण ज्याला विषमज्वर म्हणतो तो टायफॉइड नव्हे. हा रोग अंगावरच्या उवांमुळे पसरतो. हे १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी सिद्ध केले, तेव्हा फिर्खो यांच्या मृत्यूला सात वर्षे होऊन गेली होती. १८४८ मध्ये उवांचा दोष कोणालाच ठाऊक नव्हता. ठाऊक होते ते इतकेच, की सतत काही वर्षे बटाट्याचे पीक बुडाले आहे, लोक अन्नाला मोताद झाले आहेत आणि गावेच्या गावे तापाने फणफणत आहेत. प्रशियाच्या सरकारने आधी दुर्लक्ष केले. वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर पाहणीसाठी एक वरिष्ठ अधिकारी आणि त्याच्यासोबत सव्वीस वर्षांचे फिर्खो यांना पाठवण्यात आले. २० फेब्रुवारी १८४८ रोजी ते बर्लिनहून निघाले आणि रिबनिक व प्लेस या जिल्ह्यांत जेमतेम तीन आठवडे राहिले.

सरकारला अपेक्षित होता तो नेहमीचा अहवाल: हवा दमट आहे, घरे कोंदट आहेत, लोक अस्वच्छ आहेत, अमुक इतक्या डॉक्टरांची नेमणूक करावी. फिर्खोंनी शवविच्छेदने केली, रोगलक्षणे टिपली, त्या शास्त्रीय भागात कुठे कसूर ठेवली नाही. परंतु ते तेथे थांबले नाहीत. या प्रदेशातील सामान्य माणूस पोलिश बोलतो आणि त्याच्यावर राज्य करणारा अधिकारी जर्मन बोलतो. शाळा आहेत त्या नावापुरत्या. शेतकरी वेठबिगारीतून सुटला तो अर्धवट. जमीन, खाणी आणि लोखंडाचे कारखाने यांचे मालक असलेले सरदार येथला पैसा दूरच्या राजधान्यांत उधळतात. धर्मगुरू लोकांना सहनशीलता शिकवतात आणि नोकरशाही कागद फिरवीत बसते. हे सारे त्यांनी रोगाच्या कारणांत मोडले. भुकेने खंगलेली, एका खोलीत दाटीवाटीने झोपणारी, बदलायला दुसरा कपडा नसलेली माणसे टायफसला बळी पडतात, हे त्यांनी उवेचे नावही न घेता दाखवून दिले. पुढे उवेचा शोध लागला तेव्हा त्यांच्या निष्कर्षाला धक्का बसला नाही, उलट दारिद्र्य आणि रोग यांच्यामधली एक न दिसलेली कडी सापडली.

उपाय सुचवताना त्यांनी औषधांची यादी दिली नाही. पूर्ण आणि अनिर्बंध लोकशाही, तिच्या जोडीने शिक्षण, स्वातंत्र्य आणि सुबत्ता हा त्यांचा उपाय होता. त्याचे तपशील अधिक महत्त्वाचे आहेत. पोलिश भाषेला कारभारात स्थान द्यावे, स्थानिक स्वराज्य द्यावे, धर्मसंस्था शासनापासून वेगळी करावी, करांचा भार गरिबांवरून काढून श्रीमंतांवर टाकावा, रस्ते बांधावेत, शेती सुधारावी, लोकांच्या सहकारी संघटना उभ्या राहाव्यात. आज हे वाचताना एखाद्या पक्षाचा जाहीरनामा वाचल्यासारखे वाटते, आणि एका अर्थाने तो तसा होताच.

या विचारामागे एका मित्राचे ऋण आहे. ते सहसा सांगितले जात नाही. सालोमोन नॉयमान हे बर्लिनमधील ज्यू डॉक्टर. १८४७ मध्ये त्यांनी सार्वजनिक आरोग्य आणि मालमत्ता यांच्या संबंधावर एक पुस्तक लिहिले. त्यांचा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मनात ठसवून घ्यावा असा आहे. मालमत्तेचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे असे शासन म्हणते. गरिबाजवळ मालमत्ता कोणती? त्याची श्रमशक्ती. ती सर्वस्वी आरोग्यावर अवलंबून आहे. मग जे शासन सावकाराच्या तिजोरीवर पहारा ठेवते, त्याने मजुराच्या आरोग्यावर पहारा ठेवलाच पाहिजे. नाहीतर ते आपल्याच तत्त्वाशी प्रतारणा करते. समोरच्याच्या तत्त्वाने समोरच्याला पकडण्याची ही रीत आहे. वैद्यक हे सामाजिक शास्त्र आहे हा विचारही नॉयमान यांनी आधी मांडला. फिर्खोंच्या लेखणीने तो जगभर नेला.

फिर्खो बर्लिनला परतले आणि आठवडाभरात, १८ मार्च १८४८ रोजी, शहरात क्रांतीचा उठाव झाला. ते मोर्चेबंदीवर उभे राहिले. त्याच वर्षी जुलैत रुडॉल्फ लॉयबुशर यांच्यासह त्यांनी 'मेडित्सिनिशे रेफॉर्म', म्हणजे 'वैद्यकीय सुधारणा', हे साप्ताहिक सुरू केले. निरोगी जगण्याचा नागरिकाचा हक्क, गरिबांना मोफत उपचार आणि त्यांना आपला डॉक्टर निवडण्याची मोकळीक, देशासाठी एक आरोग्य मंत्रालय या मागण्या त्या पानांतून मांडल्या गेल्या. साथींचे त्यांनी दोन प्रकार पाडले: निसर्गाने आणलेल्या आणि समाजाने घडवलेल्या. दुसऱ्या प्रकारची साथ म्हणजे, संस्कृतीची फळे समाजातील सर्व थरांपर्यंत पोचत नाहीत याचा पुरावा. प्रशियाच्या विधानसभेवर त्यांची निवडही झाली होती, परंतु वय कमी पडल्यामुळे ती जागा त्यांना घेता आली नाही. जून १८४९ मध्ये साप्ताहिक बंद पडले. क्रांती हरली होती, शारिटेतील नोकरीवर गदा आली होती. बव्हेरियातील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. अध्यापनाची जागा राजकारणाचा आखाडा होऊ देणार नाही, असे मात्र आधी मान्य करून घेतले.

पुढची सात वर्षे ते सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसले. केवळ १८५२ मध्ये स्पेसार्टच्या डोंगराळ मुलखात उपासमारीची पाहणी करायला ते गेले आणि तिचा अहवाल प्रसिद्ध केला; सूर सायलेशियाइतका तिखट नव्हता. १८५६ मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले आणि त्यांच्यासाठी विकृतिशास्त्राची स्वतंत्र संस्था उभारली. १८५८ मध्ये तेथे दिलेल्या वीस व्याख्यानांचे पुस्तक म्हणजे त्यांचे 'पेशी-विकृतिशास्त्र'. रोग शरीरातील रसांत नसतो, सबंध शरीराला एकदम झपाटणारी ती बाधाही नसते. रोग पेशीत असतो आणि प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, हे त्याचे सार. आज दवाखान्यात मांसाचा बारीक तुकडा काढून तपासणीला पाठवतात, ती रीत याच विचारावर उभी आहे.

या सिद्धांताची भाषा पाहण्यासारखी आहे. शरीर म्हणजे पेशींचे राज्य, प्रत्येक पेशी ही त्यातील नागरिक, असे रूपक फिर्खो वारंवार वापरीत. रक्त किंवा मज्जासंस्था यांच्यापैकी एकाला राजा करून इतरांना प्रजा ठरवणे त्यांना अमान्य होते. राजकारणात पराभूत झालेले प्रजासत्ताक त्यांनी शरीरशास्त्रात प्रस्थापित केले, असे कोणी थट्टेने म्हटले तर ते अगदीच चूक ठरणार नाही. पण त्या प्रजासत्ताकाच्या पायाशीही एक अन्याय आहे. पेशी विभागून पेशी होते हे निरीक्षणांनी दाखवून दिले होते ते पोझनहून आलेल्या रॉबर्ट रेमाक यांनी. ज्यू धर्म न सोडल्यामुळे रेमाकना प्रशियात पूर्ण प्राध्यापकपद कधी मिळाले नाही. फिर्खोंनी १८५५ मध्ये हा विचार सूत्ररूपाने मांडला, तेव्हा रेमाक यांचे ऋण जसे मानायला हवे होते तसे मानले नाही. ज्यूद्वेषाविरुद्ध आयुष्यभर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातून हे व्हावे, याची खंत वाटते.

१८५९ मध्ये फिर्खो बर्लिनच्या नगरसभेवर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत तेथे राहिले. नॉयमानही त्याच वर्षी त्या सभेत आले. सायलेशियाच्या अहवालातील एक प्रश्न येथे त्यांच्यापुढे मूर्त रूपात उभा राहिला: हे सारे करायचे कोणाच्या पैशाने?

तेव्हाचे बर्लिन डोळ्यांपुढे आणले पाहिजे. रस्त्यांच्या कडेने उघडी गटारे, घरांच्या मागे मैल्याचे खड्डे, आणि सारे अखेर श्प्रे नदीत. शहराला नळाचे पाणी पुरवण्याचा मक्ता १८५२ मध्ये एका इंग्रज कंपनीकडे दिला होता. कंपनीने जिथे परतावा दिसला तिथे नळ नेले. नव्याने वाढणाऱ्या कामगार वस्त्यांत मक्त्याच्या मुदतीत भांडवल सुटणार नाही असे दिसल्यावर हात आखडला. शिवाय पाणी आले पण निचरा नाही, त्यामुळे जिथे नळ होते तिथे घाण कमी होण्याऐवजी वाढली. १८६६ मध्ये पटकीने शहरात हजारो माणसे मेली. १८७१ मध्ये बर्लिन साम्राज्याची राजधानी झाली तेव्हा तेथे सव्वाआठ लाख लोक राहत होते. १९०० पर्यंत ते जवळजवळ एकोणीस लाख झाले.

भुयारी गटारांचा वाद पंधरा वर्षे चालला. त्यात केवळ अडाणीपणा होता असे नाही. मैला नदीत सोडणे म्हणजे जमिनीचे सत्त्व वाहून घालवणे, असा आक्षेप रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या विचारांवरून घेतला जाई, आणि तो बिनबुडाचा नव्हता. मैला पिंपांत भरून गाड्यांनी शेतकऱ्यांकडे न्यावा असे म्हणणारा मोठा पक्ष होता. दुसरा विरोध घरमालकांचा. प्रशियाच्या नगरकायद्याप्रमाणे नगरसभेतील निम्म्या जागा घरमालकांच्याच असाव्या लागत. मतदानही तीन वर्गांनी होई: एकूण कराचा पहिला तिसरा हिस्सा भरणारे मूठभर धनिक एक वर्ग, दुसरा हिस्सा भरणारे दुसरा वर्ग आणि उरलेले बहुसंख्य लोक तिसरा, तिन्ही वर्गांना प्रतिनिधी सारखेच. आणि मत द्यायचे उघड. अशा सभेकडून घरमालकांना खर्चात घालणारी योजना मंजूर करून घ्यायची होती. प्रशियाच्या राजाशी मोर्चेबंदीवर लढणे याच्या मानाने सोपे असावे.

फिर्खोंनी येथे भाषणबाजी केली नाही. १८६७ पासून ते यासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख होते. या समितीने जमिनीखालच्या पाण्याची पातळी, मातीचे तापमान, पावसाचे प्रमाण आणि निरनिराळ्या भागांतील मृत्यूंचे आकडे वर्षानुवर्षे गोळा केले. नॉयमान यांच्या प्रेरणेने १८६१ मध्ये शहराची जी शिरगणती झाली होती, तिने घराघरांतील गर्दी मोजली होती. लोकसंख्येचा जवळजवळ दहावा हिस्सा तळघरांत राहत असल्याचे तिच्यातून दिसले होते. अभियंता जेम्स होब्रेख्त यांनी सुचवलेली रचना समितीने उचलून धरली. शहराचे बारा भाग पाडावेत, प्रत्येक भागाचे सांडपाणी उताराने त्याच्या पंपघरात यावे आणि तेथून नळांनी शहराबाहेरच्या शेतजमिनींवर सोडावे. त्यामुळे नदीही वाचली आणि लीबिग यांच्या आक्षेपालाही उत्तर मिळाले: मैल्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकू लागला. १८७३ मध्ये नगरसभेने मंजुरी दिली आणि काम सुरू झाले. त्याच सुमारास नगरपालिकेने पाणीपुरवठा कंपनीकडून विकत घेतला. गटाराला घर जोडणे सक्तीचे झाले. पुढे या सिंचनशेतांसाठी जमिनी घेता घेता बर्लिन शहर स्वतःच एक मोठे जमीनदार बनले. बाराही भाग पुरे व्हायला १९०९ साल उजाडले. त्या शेतांच्या मातीत साठलेल्या जड धातूंचा प्रश्न विसाव्या शतकाने पाहिला. तो १८७३ मध्ये कोणाला दिसणे शक्य नव्हते.

१८९२ मध्ये हाम्बुर्गला पटकीची साथ आली आणि काही आठवड्यांत सुमारे साडेआठ हजार माणसे दगावली. तेथे व्यापारी आणि घरमालक यांच्या हाती कारभार होता आणि एल्ब नदीचे पाणी गाळण्याच्या योजनेचा खर्च ते वर्षानुवर्षे पुढे ढकलीत आले होते. गटारे हाम्बुर्गमध्ये बर्लिनच्याही आधी झाली होती, हे विसरू नये. नडले ते न गाळलेले पाणी. त्या वर्षी बर्लिनमध्ये पटकीचे बळी अगदी थोडे पडले. दोन शहरांच्या अंदाजपत्रकांमधला फरक त्या उन्हाळ्यात प्रेतांच्या संख्येत मोजता आला.

याच चिकाटीने फिर्खोंनी मांसतपासणीचा प्रश्न लावून धरला. डुकराच्या मांसातून माणसात शिरणाऱ्या ट्रिकिना या सूक्ष्म कृमीचे जीवनचक्र उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या गावी त्या मांसाने तीनशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि शंभरावर मेली. प्रत्येक डुकराचे मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे ही त्यांची मागणी खाटकांना जुलमाची वाटली. तरी ती टप्प्याटप्प्याने कायद्यात आली. बर्लिनचा मध्यवर्ती नगरपालिका कत्तलखाना १८८१ मध्ये सुरू झाला. शहराचे पहिले नगरपालिका रुग्णालय फ्रीडरिश्सहाइन येथे १८७४ मध्ये उघडले, त्यामागेही त्यांची खटपट होती.

ट्रिकिनावरून एक आख्यायिका निघाली आहे. बिस्मार्कने फिर्खोंना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, तेव्हा त्यांनी शस्त्र म्हणून दोन सॉसेजे निवडली, एक शुद्ध आणि एक कृमींनी भरलेले, आणि बिस्मार्कला हवे ते आधी खायला सांगितले! गोष्ट झकास आहे, पण तिला आधार नाही. आव्हान मात्र खरे होते. फिर्खो १८६१ मध्ये प्रगतिपक्षाच्या संस्थापकांत होते आणि १८६२ पासून प्रशियाच्या विधानसभेत बिस्मार्कच्या लष्करी खर्चाला विरोध करीत होते. जून १८६५ मध्ये आरमाराच्या खर्चावर बोलताना त्यांनी बिस्मार्कच्या सत्यप्रियतेबद्दल शंका घेतली आणि तो चिडला. फिर्खोंनी द्वंद्व नाकारले. विधानसभेतल्या वादाचा निकाल पिस्तुलाने लावणे त्यांना मान्य नव्हते. १८६९ मध्ये त्यांनी लष्करी खर्चात कपात आणि राष्ट्रांमध्ये निःशस्त्रीकरणाची बोलणी सुचवणारा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि जखमींसाठी रुग्णगाड्यांची व्यवस्था लावण्याचे काम फिर्खोंच्याच वाट्याला आले.

येथवर त्यांचे गोडवे गाणे सोपे आहे. अवघड भाग पुढचा. कॅथलिक धर्मसंस्थेविरुद्ध बिस्मार्कने मोहीम उघडली तेव्हा फिर्खो त्याच्या बाजूला गेले. 'कुल्टुरकाम्फ', म्हणजे संस्कृतीसाठी लढा, हे त्या मोहिमेचे नाव त्यांच्याच १८७३ च्या वापरामुळे रूढ झाले. त्या मोहिमेचा चटका फार तीव्रतेने बसला तो पोलिश कॅथलिकांना, आणि अप्पर सायलेशियाची गरीब प्रजा पोलिश आणि कॅथलिकच होती. १८४८ मध्ये त्यांनी धर्मगुरूंवर केलेली टीका प्रजेला मोकळे करण्यासाठी होती. पंचवीस वर्षांनी तीच टीका प्रजेवर रोखलेल्या सरकारी सत्तेच्या कामी आली. एकच मत कोणाच्या हाती सापडते यावर त्याचा अर्थ बदलतो, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

दुसरी गोष्ट समाजवादाची. सप्टेंबर १८७७ मध्ये म्युनिक येथे शास्त्रज्ञांच्या परिषदेत बोलताना त्यांनी उत्क्रांतिवाद सिद्ध सत्य म्हणून शाळेत शिकवू नये असे बजावले आणि तो सिद्धांत समाजवाद्यांच्या हाती पडला तर काय होईल अशी भीतीही घातली. त्यांचे एकेकाळचे साहाय्यक हेकेल यांनी त्याला उत्तर दिले. पुढच्याच वर्षी जर्मनीत समाजवाद्यांविरुद्धचा दडपशाहीचा कायदा झाला. फिर्खोंच्या पक्षाने त्या कायद्याला विरोध केला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु १८८३ मध्ये कामगारांच्या आजारविम्याचा कायदा आला तेव्हाही त्यांचा प्रगतिपक्ष विरोधात होता, कारण शासनाने मजूर आणि मालक यांच्यामध्ये पडू नये ही उदारमतवाद्यांची श्रद्धा. समाजवाद्यांनीही त्या कायद्याविरुद्ध मत दिले, पण त्यांचे कारण वेगळे होते. १८४८ मध्ये निरोगी जगण्याचा हक्क मागणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने पाहिले, तर हा विमा त्या मागणीचा एक अपुरा हप्ता होता. तो द्यायला पुढे आला बिस्मार्क, आणि तोही समाजवाद्यांचे पाय ओढण्यासाठी.

फिर्खोंच्या नगरकार्यालाही हीच मर्यादा पडते. गटार ही अशी सोय आहे की तिच्यामुळे कामगार जगतो आणि घरमालकाच्या जागेची किंमतही वाढते. म्हणून घरमालकांच्या सभेतही ती अखेर मंजूर होऊ शकली. भाडे कमी करणे, एका खोलीतील माणसांची संख्या कमी करणे, तळघरे रिकामी करणे यात मालकाचे नुकसान होते. तिथे फिर्खोंची आकडेवारी आणि विद्वत्ता दोन्ही थबकल्या. बर्लिनच्या अंधाऱ्या चौकांभोवतीच्या पाचमजली चाळी त्यांच्याच डोळ्यांदेखत, त्यांच्या गटारांना जोडल्या जाऊन, वाढत राहिल्या. क्षय त्या चाळींतून हटला नाही. मतदानाचे वर्ग मोडल्याशिवाय सभेची रचना बदलणार नव्हती आणि सभेची रचना बदलल्याशिवाय घरांचा प्रश्न हाती घेता येणार नव्हता. 'अनिर्बंध लोकशाही' हे १८४८ चे औषध रुग्णाला अजून दिलेच गेले नव्हते.

शास्त्रातही त्यांचा हट्ट काही वेळा आड आला. बाळंतिणीच्या तापाबद्दल सेमेल्वाइस यांचे म्हणणे त्यांनी मानले नाही. निअँडर्थालची हाडे ही रोगट माणसाची असावीत असे त्यांनी १८७२ मध्ये सांगितले. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हाही ते मनापासून वळले नाहीत. जंतू हेच सर्वस्व मानले तर भूक आणि गर्दी विसरली जाईल, ही त्यांची धास्ती होती. ती अगदीच खोटी ठरली नाही. १८९० मध्ये कॉख यांच्या ट्युबरक्युलिनचा जगभर गाजावाजा झाला, तेव्हा त्या औषधाने दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदने करून रोग बरा होत नाही, उलट पसरतो, हे फिर्खोंनी दाखवले. वंशाच्या बाबतीत तर त्यांची गणना डोळे उघडणारी ठरली. सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि त्वचेचा रंग नोंदवून त्यांनी १८८६ मध्ये सिद्ध केले, की शुद्ध जर्मन वंश नावाची वस्तू जर्मनीत सापडत नाही. त्याच वेळी वसाहतींतून आलेल्या कवट्या ते जमवीत होते. ज्यांच्या पूर्वजांच्या त्या आहेत ते लोक आता बर्लिनकडून त्या परत मागत आहेत.

जानेवारी १९०२ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, चालत्या ट्रॅममधून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. ५ सप्टेंबर रोजी त्यांचा अंत झाला. त्यांचे शिष्य जगभर पांगले होते. मॅक्स वेस्टेनहोफर पुढे चिलीत गेले आणि सांतियागोत विकृतिशास्त्र शिकवू लागले. त्या देशाच्या आरोग्य खात्याचे मंत्रिपद १९३९ मध्ये साल्वादोर आयेंदे या तरुण समाजवादी डॉक्टरकडे आले, तेव्हा त्यांनी चिलीतील रोगराईची कारणे मजुरी, घरे आणि अन्न यांत शोधणारे पुस्तक लिहिले.

बर्लिन नगरपालिकेने १९०६ मध्ये वेडिंग या कामगार वस्तीच्या भागात दोन हजार खाटांचे रुग्णालय उघडले आणि त्याला फिर्खोंचे नाव दिले. तीन वर्गांची मतदानपद्धती तेव्हाही चालू होती. ती १९१८ च्या क्रांतीत गेली. रुग्णालयात येणाऱ्या अनेक कामगारांच्या उपचारांचा खर्च आजारविम्याचे निधी भरीत. या निधींत दोन तृतीयांश वर्गणी कामगारांची असल्याने कारभारी मंडळावरही दोन तृतीयांश जागा त्यांच्या असत, आणि त्या जागांवर बसलेले बहुतेक प्रतिनिधी समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते होते.